पुण्यात हीटर कशाला हवाय?

मागच्या जुलैत ताम्हिणीत जे झालं तिथनं सुरुवात करतो, कारण तोपर्यंत मी पण हेच म्हणायचो की पुण्यात गाडीला हीटर कशाला हवाय.

बाबा, आत्या आणि मी, माणगावहून परत येत होतो आबांच्या पिकअपमधनं. एका सीटवर तिघं, आणि तिघंही ओले, कारण वाटेत चहाला उतरलो तेवढ्या दहा मिनिटांत पावसानं धुतलं आम्हाला. पाऊस आडवा होता म्हणून दाराच्या काचा वर घ्याव्या लागल्या, आणि काचा वर घेतल्या की दोन मिनिटांत समोरची काच आतनं पांढरी. बाहेर वायपर चाललेत, बाहेरचं पाणी जातंय, पण आतलं धुकं हटत नाही. त्यात ह्या गाडीचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात, म्हणजे इंजिन जी हवा ओढतं त्या ओढीवर, त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि वायपर मधेच रेंगाळतात. बाबा नॅपकिन घेऊन माझ्या समोरची काच पुसतायत, पुसलेली जागा मोजून दहा सेकंद दिसते की परत पांढरी. एका वळणावर समोरनं टेम्पो आला आणि मला त्याचे दिवे दिसले ते काचेवर पसरलेल्या पिवळ्या डागासारखे, रस्त्याची कडा कुठेय, कठडा कुठेय, काही कळेना. मी थांबलो. आत्या काही बोलली नाही पण तिनं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता तो मला अजून दिसतो.

पुढचा सगळा घाट आम्ही दोन्ही बाजूच्या काचा पूर्ण खाली करून, भिजत, वीसच्या स्पीडनं पार केला. पौडला आल्यावर बाबा म्हणाले, "आबा असते तर तंबाखू चोळली असती काचेला." खरंय ते, आबा पावसाळ्यात काचेला ओली तंबाखू चोळायचे, नाहीतर बटाटा अर्धा कापून त्यानं पुसायचे, जुन्या ड्रायव्हर लोकांचा हा ठरलेला उपाय. पाणी थेंबाथेंबानं न बसता पसरून बसतं त्यानं, मग थोडं दिसतं. पण मला तेव्हा आठवलं की ह्या गाडीला डीफ्रॉस्टर, म्हणजे हीटरची गरम हवा काचेवर सोडायची सोय, आहे. होता. डॅशबोर्डखाली एक पत्र्याची काळी पेटी आहे, लहानपणी आम्ही तिच्यावर पाय ठेवून बसायचो, आणि काचेच्या खाली दोन लांबट फटी आहेत ज्यात आमची भोवऱ्याची आर पडली होती एकदा. तोच हीटर आणि त्याच डीफ्रॉस्टरच्या फटी.

गाडीबद्दल थोडं सांगतो. १९५१ ची विलीज पिकअप, अमेरिकेत टोलेडोला बनलेली. ह्या पिकअप १९४७ पासून १९६५ पर्यंत निघत होत्या, आणि त्यांचं तोंड आणि ते मडगार्ड म्हणजे ब्रूक्स स्टीव्हन्सचं डिझाईन, त्यानं आधी ह्याच तोंडाची स्टेशन वॅगन केली होती. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, १३४ क्युबिक इंच म्हणजे साधारण २.२ लिटर, इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. हेच इंजिन महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपला पण होतं आणि म्हणूनच ही गाडी आजपर्यंत जिवंत आहे, नाहीतर पार्ट कुठनं आणले असते. समोरची काच एक नाही, दोन सपाट तुकडे आणि मधे उभी पट्टी. आबांनी साठच्या दशकात सेकंडहँड घेतली आणि भूगावच्या मळ्यातली भाजी पहाटे मंडईत न्यायला वापरली. आता ती भूगावलाच शेडमध्ये असते, मी कोथरूडवरनं रविवारी जातो.

आता हीटर म्हणजे नक्की काय ते आधी सांगतो, कारण मला ज्यानं त्यानं "एसी नाही तर हीटर काय करणार" असंच विचारलं. हवा जितकी गरम तितकं जास्त पाणी ती वाफेच्या रूपात पोटात ठेवू शकते. २० डिग्रीची हवा एका घनमीटरला साधारण १७ ग्रॅम पाणी धरते, ४० डिग्रीची ५१ ग्रॅम, म्हणजे तिप्पट. घाटात पावसात काच बाहेरनं सतत गार होत असते. आत तीन ओली माणसं, ओले कपडे, श्वास, सगळ्यातनं वाफ. ती वाफ गार काचेला लागली की तिचं पाणी होतं, बारीक थेंब, तेच ते पांढरं. नॅपकिननं थेंब जातात पण काच गारच राहते म्हणून परत येतात. डीफ्रॉस्टर काय करतो तर कोरडी झालेली गरम हवा थेट काचेच्या अंगावर सोडतो, काच गरम झाली की तिच्यावर पाणी बसतच नाही, आणि बसलेलं ती हवा उचलून नेते. नव्या गाड्यांत एसी आधी हवेतलं पाणी काढतो आणि मग ती हवा गरम करून काचेवर जाते, म्हणून तिथे पटकन साफ होतं. जुन्या गाडीत एसी नाही, पण उष्णता आहे, इंजिन ती फुकट देतंय, फक्त ती काचेपर्यंत पोचायला पाहिजे. म्हणजे हीटर हा थंडीसाठी नाहीच आमच्याकडे. तो दिसण्यासाठी आहे.

ऑगस्टमध्ये पेटी उघडली.

पहिली गोष्ट बॉनेट उघडल्यावरच दिसली. हेडच्या मागनं गरम पाणी निघून हीटरच्या कोअरमध्ये (त्याच्या आतली नळ्यांची जाळी) जायला पाहिजे आणि तिथनं परत वॉटर पंपाकडे. इथे हेडमधनं निघालेला पाइप यू टर्न घेऊन थेट पंपाला जोडलेला. हीटरला पाणी जातच नव्हतं. पूर्वी एक मेकॅनिक होते त्यांनी कधीतरी कोअर लीक झाला तेव्हा हा शॉर्टकट मारला आणि बाबांना सांगितलं की पुण्यात हीटर लागत नाही. त्यांनी अजून एक गोष्ट काढून टाकलेली होती पण ते मला फार नंतर कळलं, त्याच्यावर येतो.

पेटी खाली काढायला दोन तास गेले. चार नटांपैकी तीन गंजून बसलेले, रॉकेल सोडून रात्रभर ठेवले, एक तरी तुटलाच. आत जो कोअर निघाला तो म्हणजे छोटा रेडिएटर, वहीएवढा, तांब्याच्या चपट्या नळ्या, मधे जाळी, दोन्ही टोकांना टाकी. जाळीत उंदरानं कापूस आणि कागद भरून घर केलेलं. ते साफ केलं, मग नळ्यांतनं बागेचा पाइप उलट्या बाजूनं लावून पाणी सोडलं, म्हणजे जिथनं पाणी बाहेर येतं तिथनं आत. उलटं सोडायचं कारण गाळ ज्या दिशेनं अडकलाय त्याच दिशेनं ढकलला तर तो अजून घट्ट बसतो. सुरुवातीला चहासारखं पाणी, मग विटेच्या रंगाचा चिखल, मग पांढरे खडे. ते खडे म्हणजे बोअरच्या पाण्याचा क्षार. इतकी वर्षं रेडिएटरमध्ये मळ्यातल्या बोअरचंच पाणी पडत होतं. सायट्रिक अ‍ॅसिड, लिंबूसत्वच ते, गरम पाण्यात घालून एक रात्र भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत उलटं पाणी. तीन वेळा केलं तेव्हा ह्या टोकाला फुंकलं की त्या टोकाला मोकळी हवा येऊ लागली.

लीक शोधायला आजीचं तांब्याचं घंगाळ काढलं. कोअरच्या एका तोंडाला रबरी बूच, दुसऱ्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, आणि घंगाळात पाणी भरून कोअर बुडवला आणि फूटपंपानं हवा भरली. हवा जपून भरायची, ७-८ पीएसआयच्या वर नाही, जुनं झाळकाम आहे. पहिल्या पाचाला काही नाही. सहाला वरच्या टाकीच्या कोपऱ्यातनं बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली, सरळ वर, न तुटता. मग मी बोटानं ती टाकी दाबली आणि बोट आत गेलं. पत्रा सिगारेटच्या चांदीसारखा पातळ झालेला.

रेडिएटरवाले काका म्हणाले नळ्या चांगल्यायत, टाकी मात्र नवीन लागेल, आणि ह्या मापाची टाकी मी कुठनं आणू. ॲल्युमिनियमचा दुसरा कुठला तरी कोअर बसवून देतो म्हणाले. माझं मन होईना. तांब्याचा कोअर आहे, नळ्या साबूत आहेत, फक्त एक डबी बनवायचीय. मग सुचलं की तांब्याची डबी बनवायला पुण्यासारखं दुसरं गाव नाही.

कसबा पेठेतली तांबट आळी. पेशव्यांच्या काळात तांबट मंडळी इथे वसली आणि आजही त्या बोळात शिरायच्या आधी हातोडीचा आवाज येतो. मठारकाम म्हणजे तांब्यावर ठोके देत जायचं, पत्रा त्या ठोक्यांनी कडक होतो आणि ते ठोके चकाकतात पण. मी जुनी टाकी कागदात गुंडाळून घेऊन गेलो. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडे ऑर्डरची कामं होती. तिसरे एक तांबट काका, साठीच्या पुढचे, त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, नखानं कोपरा खरवडला आणि विचारलं, "ह्यात काय असतं?"

"गरम पाणी असतं काका, गाडीच्या इंजिनातलं."

"मग बंबच आहे की हा."

आणि खरंच, किती बरोबर आहे ते. बंबाचीच छोटी आवृत्ती आहे ती. त्यांनी २२ गेजचा पत्रा घेतला, जुन्या टाकीवर ठेवून सुईनं रेघ ओढली, कातरीनं कापला, भट्टीत लाल करून पाण्यात टाकला म्हणजे पत्रा मऊ पडतो, मग लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून कडा वळवायला सुरुवात केली. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या अर्ध्यावर पडत होता. कोपऱ्यावर पत्रा गोळा होतो, सुरकुती पडायला बघतो, तिथे ते हातोडी बदलायचे, छोटी घ्यायचे, आणि ती सुरकुती पडायच्या आधीच दाबून टाकायचे. चार कोपरे, प्रत्येकाला परत भट्टी. मी तीन तास तिथे पायरीवर बसून होतो. मला त्या तीन तासांत जे बघायला मिळालं ते मी विसरणार नाही, आणि त्यांनी पैसे सांगितले ते इतके कमी होते की मी जास्त दिले तर ते रागावले, म्हणून मग पेढे घेऊन गेलो दुसऱ्या दिवशी.

टाकी रेडिएटरवाल्या काकांनी बसवली, नवसागर लावून, डाग देऊन. परत घंगाळ, परत फूटपंप. आठला दहा मिनिटं ठेवलं, एक बुडबुडा नाही.

मोटरचं वेगळंच. ही गाडी मुळात ६ व्होल्टची, त्या काळच्या बऱ्याच गाड्या तशाच होत्या. कधीतरी तिला १२ व्होल्ट केलं, डायनॅमो, बल्ब, हॉर्न, सगळं बदललं, पण हीटरच्या पंख्याची मोटर ६ चीच राहिली. कुणीतरी एक दिवस बटण दाबलं असणार, ती दुप्पट जोरात फिरली असणार आणि जळली. उघडल्यावर जळक्या वार्निशचा वास अजून होता आत. मी आधी सोपा रस्ता धरायचं ठरवत होतो, म्हणजे ६ व्होल्टचीच मोटर दुरुस्त करायची आणि मधे रेझिस्टर टाकायचा. हिशोब असा की मोटर ३० वॅटची, म्हणजे ६ व्होल्टला ५ अँपिअर, उरलेले ६ व्होल्ट खायला १.२ ओहमचा रेझिस्टर. पण तो रेझिस्टर पण ३० वॅट उष्णता टाकतो, हात लावला तर फोड येईल इतका तापतो, आणि डॅशबोर्डखाली सत्तर वर्षं जुन्या वायरच्या शेजारी असलं काही ठेवायचा मला धीर झाला नाही. शिवाय मोटर सुरू होताना जास्त करंट मागते, तेव्हा रेझिस्टर जास्त व्होल्टेज खातो आणि मोटर कण्हत सुरू होते.

वाइंडिंगवाल्या काकांनी विषयच संपवला. म्हणाले १२ वर गुंडाळून देतो, तार निम्म्या क्षेत्रफळाची, वेढे दुप्पट. मोटरची ताकद तीच, करंट निम्मा. त्यांनी जळलेली कॉइल उलगडत एकेक वेढा मोजला, तोंडानं पुटपुटत, मधे माझा फोन वाजला तर हात वर करून मला गप्प केलं. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गुंडाळलं, कार्बन नवीन, बुश नवीन. आता अडीच अँपिअर घेते, मी साडेसातचा फ्यूज टाकलाय. आवाज शिलाई मशीनसारखा, बारीक.

पाइपांचं पटकन सांगतो. पाण्याचे पाच सुताचे, नाना पेठेत मिळाले, गरम पाण्याचेच घ्या, साधा पाण्याचा पाइप वर्षभरात फुगतो. क्लिपा स्टीलच्या घ्या.

हवेचे पाइप, म्हणजे पेटीतनं काचेच्या फटीपर्यंत जाणारे, मूळचे कागद आणि कापडाचे होते, हात लावला की भुगा. बोहरी आळीतनं पीव्हीसीचे आणले, टेस्टिंगला गरम हवेनं ते मऊ पडले आणि गाडीत प्लास्टिकचा वास भरला, तेव्हा ते काढून कापडावर रबर चढवलेले, आत तारेचं वेटोळं असलेले घातले. डावीकडची हवा तरी येईना. मोबाइलचा टॉर्च मारून फटीत बघितलं तर आत कुंभारणीचं घर. ती काळी बारीक कमरेची माशी मातीची घरं बांधते ना, तिनं फटीच्या आत ओळीनं पाच खोल्या बांधलेल्या, पक्क्या, रिकाम्या. गरम पाणी सोडून, बांबूच्या काडीनं हळूहळू काढलं, पत्र्याला पोचा येऊ न देता. आणि हो, भोवऱ्याची आर सापडली. मी ती धुऊन बाबांना दिली, त्यांनी खिशात टाकली.

हवा फटीच्या सगळ्या लांबीत सारखी येते का ते बघायला उदबत्ती लावा. फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू न्यायची आणि धूर कसा वाकतो ते बघायचं. जिथे सरळ वर जातो तिथे हवा नाही. ह्याच्याइतकं सोपं आणि नेमकं साधन मला दुसरं मिळालं नाही.

सगळं जोडलं, नव्यानं कुलंट भरलं, इंजिन सुरू केलं, वीस मिनिटं थांबलो, पंखा लावला. गार हवा. आत जाणारा पाइप गरम, बाहेर येणारा गार. हे ओळखीचं लक्षण आहे, हवा अडकलीय. कोअर इंजिनपेक्षा उंचावर असतो, पाणी भरताना हवा तिथे जाऊन बसते आणि पाण्याला वाट देत नाही. गाडी शेडसमोरच्या चढावर तोंड वर करून लावली, इंजिन गार असताना, आणि वरच्या पाइपची क्लिप सैल करून रेडिएटरमधनं हळूहळू भरत राहिलो. आधी फुस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. क्लिप आवळली. आता दोन्ही पाइप गरम. पण गरम म्हणजे कसे, तर कोमट. इन्फ्रारेडवाल्या थर्मामीटरनं बघितलं तर आत जाणारा ५६, बाहेर येणारा ४८. काचेवर येणारी हवा कशीबशी ३५.

इथे मी दोन रविवार घालवले. कोअर परत धुतला, पंप बघितला, हीटरचा कॉक पूर्ण उघडतो का बघितला, सगळं बरोबर. शेवटी डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा बघत बसलो होतो आणि लक्षात आलं की हा काटा मला आठवतं तेव्हापासून कधी मधोमध आलाच नाही. आम्ही कौतुकानं सांगायचो, गाडी एकदम थंड चालते. इंजिनच गरम होत नव्हतं तर हीटर कुठनं होणार!

थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. हेडच्या पुढच्या बाजूला जिथनं पाणी रेडिएटरला जातं त्या तोंडात तो बसतो, इंजिन गार असेपर्यंत वाट बंद ठेवतो, ठरलेल्या तापमानाला उघडतो. तोंड उघडलं तर आत नुसतं भोक. आपल्याकडे ही फार जुनी सवय आहे, गाडी तापते म्हणून तक्रार आली की पहिला थर्मोस्टॅट काढायचा. अडकलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो हे खरंय, पण मग नवीन टाकायचा, भोक मोकळं सोडायचं नाही. गार चालणारं इंजिन हे चांगलं इंजिन नाही हे मला मनापासून सांगायचंय. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरनं ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधलं पाणी उडून जात नाही, गाळ होतो, झीज वाढते, पेट्रोल जास्त खाते ते वेगळंच. आबांच्या गाडीनं इतकी वर्षं हे सोसलं आणि आम्ही त्याला थंड चालते म्हणत होतो. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

नाना पेठेत एका जुन्या दुकानात, जिथे अजून जीपचे पार्ट मिळतात, शेठनी मागच्या फळीवरनं डबी काढली. ८२ डिग्रीचा, म्हणजे जुन्या मापात १८० फॅरनहाइट. घरी आणून आधी तपासला, नवीन असला तरी तपासायचाच. चहाच्या पातेल्यात पाणी, पातेल्यावर आडवा उलथना, त्याला दोऱ्यानं थर्मोस्टॅट बांधून पाण्यात सोडला, तळाला टेकू द्यायचा नाही कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. शेजारी थर्मामीटर. ७० ला काही नाही, ७५ ला काही नाही. ८१ च्या आसपास मधली चकती केसभर उचलली आणि आतनं एक छोटा बुडबुडा सुटला. ९२ ला पूर्ण उघडा. गॅस बंद केला, परत ८० च्या खाली येईपर्यंत बघत बसलो, व्यवस्थित मिटला. आईनं नंतर ते पातेलं चहाला वापरायला नाही म्हटलं, नवीन आणून दिलं तिला.

एक गोष्ट मात्र जपा, थर्मोस्टॅट टाकला म्हणजे रेडिएटर साफच पाहिजे, नाहीतर गाडी खरंच तापेल. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणी ९८ ला उकळतं, मग घाटात चढताना हाताशी फार काही राहत नाही. म्हणून कुलंट घालायचं, जुन्या पितळ-तांब्याला चालणारं हिरवं, आणि त्यात पाणी डिस्टिल्डच, बोअरचं अजिबात नाही. रेडिएटरचं झाकण मूळ दाबाचंच ठेवायचं. नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण बसतं त्या तोंडावर, पण जुने झाळलेले जोड तो दाब सहन करत नाहीत.

थर्मोस्टॅट बसवल्यावर काटा आयुष्यात पहिल्यांदा मधे आला. आत जाणारा पाइप ८०, काचेवरची हवा ५१. पंख्यापुढे हात धरला तर काढून घ्यावासा वाटत होता.

ह्या वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी परत ताम्हिणी, बाबा आणि मी. मुद्दाम पाऊस बघून निघालो. मुळशी धरणाच्या कडेनं जाताना सुरू झाला आणि घाटात तोच, मागच्या वर्षीचा, आडवा. काचा वर घेतल्या, आणि काच पांढरी होऊ लागली तशी मी पंखा लावला. बदल खालनं सुरू झाला. फटीच्या बरोबर वर एक बोटभर पट्टी काळी झाली, म्हणजे आरपार दिसू लागली, मग ती पट्टी दोन पंख्यांच्या आकारानं वर चढत गेली, कडा थरथरत, जसं तव्यावरचं पाणी मागे सरतं तशी. माझ्या डोळ्यांपर्यंत यायला साधारण तीन मिनिटं लागली. मला त्या वळणावरचा कठडा दिसला, त्याच्यावरचं शेवाळ दिसलं, पलीकडचा धबधबा दिसला. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली होती, ते महत्त्वाचंय, कारण ह्या गाडीचा हीटर बाहेरची हवा घेत नाही, आतलीच फिरवतो, त्यामुळे आतली वाफ बाहेर जायला कुठेतरी वाट पाहिजे. आणि काच आतनं आदल्या दिवशी साबणानं धुवून घेतली होती, तेलकट काचेवर धुकं लवकर धरतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबांनी हा लावलेला मी पाहिला होता. पहाटे मंडईला जाताना. मला वाटायचं पाय शेकायला लावतात." मी म्हणालो पाय पण शेकत असतील.

काम पूर्ण नाही झालेलं. बाबांच्या बाजूला, मधल्या पट्टीला लागून, तळहाताएवढा एक तुकडा साफ होत नाही, तेवढा ते नॅपकिननं पुसत होते अख्खा घाट. उदबत्ती लावून बघितलं तर त्या टोकाला धूर सरळच जातो, म्हणजे त्या फटीचं आतलं तोंड दीड इंच कमी पडतंय. पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवलाय, येत्या रविवारी तांबट काकांकडे न्यायचाय. त्यांनी सांगितलंय येताना गाडीच घेऊन ये, बंब चालू असलेला बघायचाय त्यांना, आणि त्या बोळात ती शिरणार नाही म्हणून मी कसबा गणपतीपाशी लावायला जागा शोधतोय.